अण्णांच्या खुर्चीमागची भिंत

आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो, हे आधीच सांगते. हॉलची एक भिंत सजवायची ठरली, तेव्हा टाइल्स लावायच्या हेही मीच ठरवलं होतं. पुसायला सोप्या. विराजची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, ना नव्हती. पण शिवाजीनगरला शेषगिरींच्या दुकानात सासरे मल्हारराव, म्हणजे आमचे अण्णा, सैंधव मिठाच्या विटांपुढे जे उभे राहिले, ते हलेनात. गुलाबी, आतून दिवा लावला की उजळणाऱ्या विटा. १९९६ साली असली भिंत आमच्या ओळखीत कोणाकडेच नव्हती. शेषगिरींनी बजावलं की पाणी लागलं तर वीट झिजेल. अण्णा म्हणाले, ह्याच घ्या.

दोन वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. रक्तदाब वाढून ते अंगणात कोसळले, तेव्हापासून त्यांचं जेवण मी अळणी करत होते. वरण, भाजी, सार, कशातच मीठ नाही. माणूस मुकाट्याने जेवायचा. म्हटलं, घेऊ दे विटा.

भिंत झाली, त्यांची आरामखुर्ची तिला लागून ठेवली. चार महिन्यांनी एका विटेत बोटभर खळगा दिसला. मी कामवालीवर तोंडसुख घेतलं, की ओलं फडकं फिरवतेस. ती बिचारी नाही म्हणत राहिली. शेवटी शेषगिरींना बोलावलं. ओल असती तर खालून चढली असती, इथे एकच वीट आणि तीही बसल्या माणसाच्या हाताशी, एवढंच बोलून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी दाराआड उभी राहिले. अण्णांनी पाण्याच्या भांड्यात बोट बुडवलं, विटेवर घासलं आणि तोंडात घातलं. डोळे मिटून घेतले.

माझं डोकंच फिरलं. पुढे होऊन मी वाट्टेल ते बोलले. एवढं जपते, त्याचे हे पांग फेडलेत, डॉक्टरांनी मीठ पूर्ण बंद केलंय ते विसरलात का?

अण्णांनी बोट धोतराला पुसलं. "डॉक्टर स्वल्प चालतं म्हणाले होते, रम्या. मी तिथंच होतो की."

खरं होतं. दिवसाला अर्धा चमचा, असं डॉक्टर म्हणाले होते. आज अर्धा, उद्या एक होईल, म्हणून मीच बंद केलं आणि डॉक्टरांच्या नावावर खपवलं. कामवालीला बोलले त्याची लाज वाटली, पण ही लाज त्याहून मोठी होती.

"मग दोन वर्षं बोलला का नाहीत?"

"मी पडलो तेव्हा तू किती रडलीस ते पाहिलं होतं. पोटची पोरसुद्धा तेवढी रडली नसती. म्हटलं, भ्यालीय, सरी, असू दे, जेवू असंच."

मी स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशीचं सार तयार होतं. त्यांच्या वाटीत चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं, आणि आधी स्वतः चाखून पाहिलं. दोन वर्षांत त्यांच्या वाटीतलं मी कधी चाखलंच नव्हतं.

अण्णा जेवायला बसले. एक भुरका मारला आणि माझ्याकडे बघितलं. मग वाटी रिकामी करून पुढे धरली, आणखी वाढ म्हणून.