पाटासकट उंची

"सर, सनरूफ देखिए," सेल्समन म्हणाला, तेव्हा मी गाडीच्या उघड्या दाराशी उकिडवा बसलो होतो. माझ्या हातात टेपचं एक टोक होतं, दुसरं माझ्या नातीच्या, निहारिकाच्या हातात.

"सनरूफ रहने दीजिए," मी म्हटलं. "सीट ज़मीन से कितनी ऊँची है, ये बताइए."

त्याने माहितीपत्रक उलटसुलट केलं. त्यात गाडीची लांबी होती, रुंदी होती, डिकीत किती सामान मावतं तेही होतं. सीटची उंची नव्हती.

"सर, आज तक किसी ने पूछा ही नहीं."

"साडेसव्वीस इंच, अण्णा," निहारिका म्हणाली.

मी पुन्हा मोजून पाहिलं. साडेसव्वीस. माझ्या खिशातल्या चिठ्ठीवरही तोच आकडा होता. आठवडाभरात पाहिलेली ही पाचवी गाडी. मी गुडघ्यावर हात ठेवून उठलो आणि सुमीतला, म्हणजे माझ्या मुलाला, म्हटलं, "हीच घ्यायची."

"अण्णा, चालवून तर बघा आधी!"

"तू बघ चालवून. मी मागे बसतो."

माझ्या बायकोच्या, विजयाच्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याला आठ महिने झाले होते. घरात ती सगळीकडे फिरायची. पण बाहेर जायचं म्हणजे आधी कशात तरी बसायला हवं, आणि तिथेच सगळं अडलं होतं. आमची जुनी गाडी इतकी बुटकी की विजया तिच्यात बसायची नाही, पडायची. उतरताना एक हात सुमीतने धरायचा, दुसरा मी. ई-रिक्षाची पायरी तिला चढता येईना. एकदा इथे उज्जैनला, देवास गेटपाशी, एका रिक्षावाल्याने भल्या मनाने तिच्या काखेत हात घालून तिला वर ओढलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "मी काय गव्हाचं पोतं आहे? आता मला कुणी उचलायचं नाही. माझी मी बसेन, नाही तर घरी बसेन." आणि खरोखरच घरी बसली.

नुसती तीच बसली असं नाही. बावीस वर्षं ती दर रविवारी टावर चौकाजवळ, मराठी मंडळाच्या खोलीत मुलांचा वर्ग घ्यायची. इथली आपली मुलं शाळेत हिंदी बोलतात, मित्रांशी हिंदी बोलतात आणि घरी आजीने मराठीत विचारलं तर उत्तरही हिंदीत देतात. विजयाच्या वर्गात गोष्टी, गाणी, भांडणं, चहाडी, सगळं मराठीत करावं लागे. तो वर्गही आठ महिने बंद होता. मग एक दिवस मंडळाचे सचिव दिलीपराव यांचा फोन आला. "वहिनी, मुलं आहेत, खोली आहे, तुम्हीच नाही आहात. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी वर्ग भरला नाही तर खोली योगवाल्यांना द्यावी लागेल. मी किती दिवस रोखून धरू?"

"बघते," विजया म्हणाली आणि फोन ठेवून मटार सोलायला बसली. मटार संपले तरी ती टोपलीतच बघत होती.

त्या दिवशी माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. घरात एक जागा अशी होती जिथे ती कुणाचाही हात न धरता बसायची आणि उठायची: तिची जुनी सागवानी खाट. म्हणजे जिची सीट खाटेइतकी उंच, ती गाडी आपली. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं आहे. मुलांना उत्तर सांगण्यापेक्षा मोजायला लावणं मला आवडतं. म्हणून खाट मोजण्याचं काम मी निहारिकाला दिलं. ती पाचवीत आहे. तिने वहीत खाटेची आकृती काढली आणि शेजारी लिहिलं: चोवीस इंच.

मी जाऊन पाहिलं, तर तिने टेप फरशीला लावलीच नव्हती. खाटेशेजारी एक पाट असतो, त्यावर टेकवली होती. पाटावर जेवायला आमच्याकडे आता कुणी बसत नाही, म्हणून पाट असे घरभर कुठेही पडलेले असतात.

"अगं, उंची नेहमी जमिनीपासून मोजायची," मी म्हटलं आणि पाट उचलून भिंतीशी उभा केला. "झाडाची उंची काय कुंडीपासून मोजतो आपण? मोज पुन्हा."

साडेसव्वीस भरली. ती काहीतरी बोलणार होती, पण मी लाल पेन उघडलं होतं. चोवीसवर काट मारली आणि बरोबर उत्तर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं.

गाडी बुधवारी घरी आली. छोटी एसयूव्ही म्हणतात तिला, पण आमच्या गल्लीत ती चांगलीच मोठी दिसत होती. समोरचे बापू लगेच बाहेर आले.

"मास्तर, ऐकलं की टेप घेऊन गेला होतात. गाडी घेतली की कपाट?"

"कपाटच. तुमची वहिनी ठेवायची आहे त्यात."

विजयाने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. बापूंनी नारळ फोडला. गल्लीतले सगळे दारात उभे होते. आधी चिंतामण गणेशाला जायचं, मग परतताना टावर चौकात थांबायचं, असं ठरलं होतं. विजयाने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा पर्स काढली होती.

मी पुढचं दार उघडलं. ती पाठमोरी उभी राहिली, दोन्ही हात मागे टेकवले आणि खाटेवर बसते तशी मागे झुकली. नुसती कडेला टेकली आणि घसरली. पुन्हा टाचा उंचावल्या, पुन्हा घसरली. सुमीत धावला आणि त्याने तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "लिंबं उन्हात वाळतील."

आणि पर्स छातीशी धरून आत गेली. आम्ही गेलो, दर्शन घेतलं, आलो. गाडी सुरेख चालत होती, आणि तिच्यात कुणाला गोडी नव्हती.

संध्याकाळी निहारिका नेहमीप्रमाणे वही घेऊन अभ्यासाला बसली. माझं लक्ष नव्हतं. मी नुसतीच पानं उलटत होतो, तेव्हा ती खाटेची आकृती समोर आली. तिने खाट काढली होती, खाटेजवळ पाट काढला होता आणि पाटावर दोन छोटी पावलं काढली होती. त्या पावलांपासून खाटेपर्यंत बाण. शेजारी चोवीस. त्यावर माझी लाल काट.

मी उठून आतल्या खोलीच्या दारात गेलो. विजया नुकतीच स्वयंपाकघरातून आली होती. तिने पायाने पाट सरकवून खाटेशी आणला, त्यावर आधी एक पाऊल ठेवलं, मग दुसरं, आणि अलगद मागे बसली. आठ महिने रोज हे माझ्यासमोर घडत होतं.

"काय बघताय?" ती म्हणाली.

"अडीच इंच," मी म्हटलं.

"बरं आहे ना तुम्हाला?"

मी परत येऊन निहारिकासमोर बसलो. "तुझं उत्तर बरोबर होतं. आजी फरशीवरून बसतच नाही. पाटावरून बसते. चूक माझी झाली."

"मी सांगणार होते, अण्णा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही लाल पेनाने लिहिलं होतं ना."

मी लाल पेन तिच्या हातात दिलं आणि माझ्या साडेसव्वीसवर काट मारायला सांगितलं. तिने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग मारली, आणि जरा जास्तच जोरात मारली.

गणित सुटलं, पण विजयाला तयार करणं बाकी होतं. "नको," ती म्हणाली. "पुन्हा सगळी गल्ली जमायची. एकदा तमाशा झाला तेवढा पुरे."

"दुपारी अडीचला करू. त्या वेळी बापूसुद्धा घोरत असतात."

"आणि पाट रस्त्यावर सरकला तर?"

सुमीतने सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणली आणि पाटाच्या खाली चार पट्ट्या ठोकल्या. पाट सिमेंटच्या रस्त्यावर असा बसला की लाथ मारूनही हलेना. दुसऱ्या दिवशी अडीच वाजता गल्ली झोपलेली असताना आम्ही चौघं बाहेर आलो. विजयाने पाटावर एक पाऊल ठेवलं, दुसरं ठेवलं, हात मागे टेकवले आणि बसली. मग पाय एकेक करून आत घेतले. कुणी तिला हात लावला नव्हता. तिने समोरच्या काचेतून रिकाम्या गल्लीकडे पाहिलं आणि उगाचच पदर सारखा केला.

मी पाट उचलायला वाकलो.

"थांबा," ती म्हणाली. "दर वेळी हा पाट तुम्हीच उचलणार? आधी कंबर बघा आपली. आणि मी उतरायचं म्हटलं की तुमची वाट बघत बसायचं? म्हणजे उचलण्यातून सुटले आणि पाटात अडकले."

"मग?"

"सुमीत, याला कडेला एक भोक पाड."

संध्याकाळी तिने कपाटातून परकराची नवी नाडी काढली, दुहेरी केली आणि भोकातून ओवून गाठ मारली. आता बसलं की नाडी ओढायची, पाट वर येतो आणि पायाशी उभा राहतो. उतरायचं झालं की नाडीने खाली सोडायचा. पहिल्या दोन वेळा पाट दारावर आपटला आणि नव्या रंगावर एक ओरखडा आला. सुमीतचा चेहरा पडला.

"अरे, गाडी माझ्यासाठी घेतली ना?" विजया म्हणाली. "मग ओरखडाही माझाच."

शेवटच्या रविवारी सकाळी गल्लीला कळायचं ते कळलंच. बापू ओट्यावर चहाचा कप घेऊन बसले होते. विजया पाटावर चढली, बसली, नाडी ओढली, दार लावलं.

"वहिनी, हा तर लिफ्टवाला मॉडेल आहे!" बापू ओरडले. "कंपनीने दिला की वेगळा लावला?"

"तुमच्याकडे असतो तसाच आहे. तुम्ही त्यावर लोणच्याची बरणी ठेवता."

गाडी मी चालवली. सिंहस्थाच्या कामांसाठी जिकडेतिकडे रस्ते खणलेले आहेत, त्यामुळे वळसा घालून जावं लागलं. खड्डे आले तरी विजया दाराचा दांडा न धरता बसली होती. उंचावरून तिला सगळं दिसत होतं, आणि ती दिसेल ते मोठ्याने सांगत होती: पोह्यांचं दुकान केवढं वाढवलंय, चप्पलवाल्याने पाटी बदलली, इथलं झाड कुठे गेलं. आठ महिन्यांचं उज्जैन ती एका फेरीत तपासून घेत होती. मागे निहारिका मांडीवर वह्यांचा गठ्ठा धरून बसली होती.

मंडळाच्या दाराशी सात-आठ मुलं उभी होती. दिलीपराव गाडी पाहून लगबगीने आले आणि दार उघडताच त्यांनी हात पुढे केला.

"हात नको, दिलीपराव," विजया म्हणाली. "खोलीची किल्ली द्या."

त्यांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला. विजयाने पाट नाडीने खाली सोडला, पायाने जरा दाबून पाहिला आणि उतरली. मुलं भोवती जमली. एक लहानगी, वर्गात बहुधा पहिल्यांदाच आलेली, वाकून पाटाखालचं रबर बघत होती.

"आजी, ये क्या है?"

विजया थांबली. किल्ली हातात होती, खोली अजून उघडायची होती.

"हा पाट," ती म्हणाली. "म्हण बघू."

"पाट."

"आणि तुला विचारायचं असेल तर कसं विचारशील?"

मुलगी विचारात पडली. निहारिकाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

"आजी, हे काय आहे?"

"आता कसं!" विजया म्हणाली आणि तिच्या हातात किल्ली दिली. "चल, तूच उघड."

मी गाडी सावलीत लावायला वळवली. आरशात पाहिलं, तर विजया दोन पायऱ्या कठड्याला धरून एकटी चढत होती आणि सगळी मुलं तिच्याआधी आत पळाली होती.