इरावतीचा ढग

सुबोध मेस्त्रींनी आयुष्यात एकच खोटी सही केली, आणि तीही सुवाच्य अक्षरात. बाकीच्या सह्या घाईघाईत, कुणालाही वाचता येणार नाहीत अशा केल्या होत्या. त्या सगळ्या खऱ्या होत्या.

आठ वर्षं त्या सहीने त्यांना काही त्रास दिला नाही. नवव्या वर्षी एका रविवारी सकाळी, मुलुंडच्या घरी, त्यांची मुलगी इरावती तीच सही लॅपटॉपवर घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, ओळख बघू ही कुणाची."

इरावतीची पीएचडी पाचव्या वर्षात होती. तरुण, तापलेले तारे आपला बराचसा प्रकाश अतिनील रूपात टाकतात. पृथ्वीवरची हवा तो वाटेतच गिळते. आपल्या कातडीच्या दृष्टीने हे चांगलंच, पण खगोलशास्त्राची पंचाईत होते, म्हणून दुर्बीणच हवेच्या वर पाठवावी लागते. ताऱ्याताऱ्यांच्या मधल्या पोकळीत विरळ धूळ असते, तीही हा प्रकाश खाते. कुठल्या रंगाचा किती खाल्ला यावरून ती धूळ कशाची आहे ते कळतं. थोडक्यात, खरकट्यावरून पंगतीचा अंदाज.

इरावतीला एक चमत्कारिक गोष्ट सापडली होती. दुर्बीण कुठल्याही दिशेला वळवा, तारा जवळचा असो की लांबचा, प्रकाशाचा लचका सगळीकडे सारखाच तोडलेला. लांबच्या ताऱ्याच्या वाटेत धूळ जास्त हवी. तशी ती नाही, म्हणजे ही धूळ इथेच, आपल्या आसपास असणार. आपला सूर्यच कार्बनी कणांच्या एका विरळ ढगात बसला आहे, असा निष्कर्ष तिने काढला आणि निबंध पाठवून दिला. तो छापून आला की जर्मनीत दोन वर्षांची जागा नक्की होती.

निबंध तपासणाऱ्या रेफरीने विचारलं होतं, की ढग सूर्याभोवती आहे की तुमच्या आरशावर?

त्यावर इरावतीकडे रामबाण उत्तर होतं. दुर्बिणीचा आरसा बसवताना त्याच्या शेजारी तशाच लेपाचा नखाएवढा तुकडा ठेवतात. आरशावर जे बसेल ते त्याच्यावरही बसतं. मूळ आरशाला हात लावायची सोय नसते, म्हणून शेवटी हा तुकडा मोजतात. त्याला म्हणायचं साक्षी काच. त्या मोजणीचा कागद तिने मिळवला होता. परावर्तनातली घट नगण्य. मोजणारा, सु. गो. मेस्त्री.

"रेफरीला वाटतंय मी आरशाची खात्री केली नसेल," इरावती म्हणाली. "त्याला काय माहीत, आरशापाशी माझा बाप उभा होता."

स्वयंपाकघरातून शुभा, म्हणजे तिची आई, हसली. मेस्त्रींच्या तोंडात उपमा होता. उपम्याला लागतं त्याहून बरंच जास्त त्यांनी तो चावला.

तो आरसा अंधेरीत मरोळच्या एका लहानशा कंपनीत बसवला गेला होता. खोलीतली हवा गाळलेली, माणसं पांढऱ्या पोशाखात डोळ्यांपुरती उरलेली. दारात रजिस्टर असायचं. गेल्या चोवीस तासांत केसांना तेल, पावडर, अत्तर? होय की नाही? कारण तेलाचा उडालेला अंश आरशावर बसला तर डोळ्यांना दिसत नाही, पण अतिनील प्रकाशाला तो भिंतीसारखा आडवा येतो. अंतराळात तर उन्हाने तो दरवर्षी आणखी पक्का होत जातो. हे मेस्त्री नव्या मुलांना वीस वर्षं शिकवत आले होते. त्यांनी दारात उतरवलेल्या गजऱ्यांची गणती नव्हती. मागून त्यांना सगळे तेलतपासनीस म्हणत.

त्या वर्षी काम रखडलं आणि नरकचतुर्दशीलाही कामावर बोलावणं आलं. मेस्त्रींची आई तेव्हा मालवणहून उपचारासाठी आलेली होती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, पुढची दिवाळी धरू नका. पहाटे ती तेलाची वाटी घेऊन पाटाशी बसली. मेस्त्रींनी तिला नियम सांगितला. तिने तो शांतपणे ऐकला. सरकारचे बरेच नियम तिने असेच ऐकले होते.

"रे सुबोधा," ती म्हणाली, "पयली आंघूळ चुकवलंस तर थंय वर काय सांगशीत?"

वर काय चाललंय हे मेस्त्रींना तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं, पण म्हातारीने बोटं तेलात बुडवलीही होती. टाळूपासून टाचेपर्यंत तेल लागलं. मग त्यांनी उटणं लावलं, दोनदा साबण लावला आणि रजिस्टरमध्ये 'नाही' लिहिलं. त्यांच्या मते ते खरंच होतं. तेल मोरीत वाहून गेलं होतं.

तेल साबणाने जातं ही एक समजूत आहे. तीन तास ते आरशावर ओणवे होऊन स्क्रू आवळत होते आणि पोशाखात घामाच्या धारा लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी साक्षी काच मोजली तर घट नऊ टक्के. मर्यादा एक टक्क्याची. त्यांनी पुन्हा मोजली, पुन्हा नऊ. नियमाप्रमाणे आरसा परत लेपाला जाणार, रॉकेट चुकणार, पुढची पाळी दोन वर्षांनी. आणि चौकशीच्या अहवालात आईची आंघोळ छापून येणार. मेस्त्रींनी डब्यातून एक कोरी काच काढली, जुनीच्या जागी ठेवली, मोजली आणि सही केली. कोर्टात साक्षीदार फिरवायला माणसं लागतात, इथे चिमट्यावर भागलं.

आई मार्गशीर्षात गेली. रॉकेट व्यवस्थित गेलं. मेस्त्रींना शाल आणि श्रीफळ मिळालं.

हे सगळं आठवून होईपर्यंत उपमा थंड झाला होता. मेस्त्रींनी आधी आडून आडून सुचवून पाहिलं, की एखाद्या दुसऱ्या दुर्बिणीचीही निरीक्षणं बघावीत, घाई करू नये. इरावती म्हणाली, इतकं बारीक बघणारी दुसरी दुर्बीण वर नाहीच. तिला गंमत वाटत होती.

"बाबा, तू माझ्या बाजूने आहेस की रेफरीच्या?"

"आरसा मळका होता गं," मेस्त्री म्हणाले.

"मग सही कशी केलीस?"

मेस्त्रींनी सांगितलं. तारीख, तेल, दोन्ही मोजण्या, चिमटा, अगदी रजिस्टरमध्ये लिहावं तशा क्रमाने. शुभा हातात झारा घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

इरावती रडली नाही. तिने वही ओढली. "तेल कुठलं?"

"खोबरेल. गावच्या घाण्यावरचं."

"नऊ टक्के कुठल्या तरंगलांबीला?"

मेस्त्रींनी आकडा सांगितला, दशांशासकट. इरावतीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं ते तेव्हाच. आठ वर्षं तो आकडा त्यांना पाठ होता.

दुपारपर्यंत तिचं गणित झालं. उन्हात आठ वर्षं भाजलेल्या खोबरेल तेलाचा थर घेतला की तिचा ढग रेघ न् रेघ जुळत होता. पाच वर्षांत इतका सुंदर आलेख तिला मिळाला नव्हता.

तिने गाईडना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, हे किती जणांना माहीत आहे? तीन, ती म्हणाली. तीन म्हणजे काही फार नाहीत, असं त्यांचं मत पडलं. त्या आरशावर आणखी अकरा निबंध उभे आहेत, त्यातले दोन माझे, हेही त्यांनी सांगितलं. तिला ते ठाऊक होतं. संदर्भसूचीत तिनेच ते घातले होते.

संध्याकाळी मासिकाला आणि दुर्बिणीच्या मंडळींना तिचं पत्र गेलं आणि निबंध मागे घेतला गेला. जर्मनीने तिला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्या. विद्यापीठाने दोन वर्षं वाढवून दिली, शिष्यवृत्तीविना. ती घाटकोपरला एका क्लासमध्ये बारावीला फिजिक्स शिकवू लागली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली. मुलुंडहून घाटकोपर लांब पडतं, असं तिने आईला सांगितलं. शुभाने ते मान्य केलं.

फेब्रुवारीत दुर्बिणीच्या मंडळींनी जाहीर दुरुस्ती छापली. 'आरसा बसवताना एका तंत्रज्ञाकडून साक्षी काच बदलली गेली,' एवढंच त्यात होतं. मेस्त्रींनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि इरावतीला फोन लावला.

"त्यांना माझं नाव का नाही कळवलंस?" ते म्हणाले. "मी लेखी देतो. एक तंत्रज्ञ म्हटलं की खोलीतले बाकीचे चौघंही अडकतात."

पलीकडे बाकं सरकवल्याचे आवाज येत होते.

"तुझं नाव आलं की माझं येतं, बाबा. आडनाव एकच आहे. बापाने मळवलेल्या आरशात पोरीला ढग दिसला, म्हणतील."

"आणि ते चौघं?"

"त्यांच्या मुली नाहीत या क्षेत्रात," इरावती म्हणाली. तिची बॅच सुरू होत होती, म्हणून तिने फोन ठेवला.

त्या चौघांतल्या दशरथ परबांचा आठवड्याभराने बोरीवलीहून फोन आला. ते अजून कंपनीत होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांना चौकशीला बोलावलं होतं. काच मोजली त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं ते चौकशीवाले विचारत होते, आणि दशरथना काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"मेस्त्री, तू तर सगळ्यात जुना," दशरथ म्हणाले. "मोजलंस तू, पण काच त्याआधीच कुणीतरी बदलली असणार. कोण असेल रे तो?"

शुभा समोरच बसून वाटाणे सोलत होती. तिने हात थांबवले, पण वर बघितलं नाही.

"बघतो विचारून," मेस्त्री म्हणाले.