चौथी नळी

“धूर वर गेला की संपला, पोरी. घे आता श्वास.”

वडील भट्टीपाशी उभे राहून सांगायचे. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा त्यांचा धंदा. ती नाकावरचा हात काढायची, आणि खरंच, धूर कुठेच दिसायचा नाही.

धूर कुठे जातो, हे आता तिला ठाऊक होतं. तळ्याच्या तळातून काढलेल्या गाळाच्या सात नळ्या उभ्या चिरून टेबलावर मांडल्या होत्या. कागदाएवढा पातळ एकेक थर, एकेका वर्षाचा; जितका खाली तितका जुना. उन्हाळ्याचा फिका, थंडीचा काळा. डोंगरापलीकडे कुणीतरी धातू गाळला, त्याचा धूर आभाळाला टेकून आला, पाण्यावर उतरला आणि कित्येक शतकं गुपचूप निजला. तिच्या बोटाखाली त्या माणसाची एक संध्याकाळ होती. मोठ्याने बोलायचाही तिला संकोच वाटे.

सगळ्यांत खोल गेलेल्या चौथ्या नळीच्या बुडाशीच शिशाचं प्रमाण एकदम चढलेलं. म्हणजे सगळे मानतात त्याहून भट्ट्या आठशे वर्षं आधी पेटल्या. तिच्या मार्गदर्शक बाई तीस वर्षं हेच सांगत आलेल्या, आणि लोक हसत आलेले.

“चिखलवाली म्हणायचे मला,” शोधनिबंधावरून शेवटची नजर फिरवत बाई म्हणाल्या. “आता म्हणा म्हणावं. आणि तू गं? एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?”

“काही नाही बाई. डोकं दुखतंय.”

डोकं दुखत नव्हतं. पुरात जड वाळू आधी बुडते, बारीक गाळ मागून सावकाश बसतो. सहा नळ्यांत प्रत्येक पुराची वाळू खाली होती, गाळ वर. चौथीत वाळू वर. गाळ काढला त्या दिवशी होडीत बोटं गारठली होती आणि वरच्या टोकाचं पांढरं बूच तिनेच खालच्या टोकाला बसवलं होतं. नळी सरळ केली की ती आठशे वर्षं गळून पडत होती, आणि त्यांच्याबरोबर बाईंची तीस.

“पाठवते हं,” बाई म्हणाल्या. बोट बटणाशी गेलं.

तिने थराकडे पाहिलं. इतकी शतकं जो आपल्या जागी निमूट पडून राहिला, त्याला उचलून त्याच्या जन्माआधी नेऊन ठेवायचं?

“बाई, थांबा. चौथी नळी उलटी आहे. बुचं मी चुकवली. तीन दिवस झाले, मला माहीत आहे.”