आठ दिवस पाण्याखाली

त्या गुरुवारी संध्याकाळी माझ्यात पाच माणसं, एक शेळी आणि नाचणीची दोन पोती होती. शेळी वाटभर माझ्या काठावर हनुवटी टेकून ओरडत होती. गेणबा वल्ही मारत होता. त्याच्यासमोरच्या फळीवर त्याची मुलगी जया मांडीवर शाळेची हजेरीवही घेऊन बसली होती. पैलतीरावरच्या वाडीत तिची मास्तरकी सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

मित्रांनो, वीस वर्षं मुळशीच्या धरणाच्या पाण्यावर फिरलेली मी एक म्हातारी होडी आहे. माझी गोष्ट त्या गुरुवारापासून सांगते, कारण त्यानंतर सगळंच बदललं.

बाकीची माणसं वाटेतल्या उतारावर उतरली, शेळीही गेली. मग जया म्हणाली, "आबा, उद्यापासून मी जाणार नाही."

"का गं?"

"मुलं बारा. त्यातली सात माझं शहरी बोलणं ऐकून हसतात. मी 'इकडे या' म्हटलं की एकमेकांना ढकलतात. यासाठी बी.ए. झाले का मी?"

"हसत्यात म्हंजी ऐकत्यात तरी," गेणबा म्हणाला. "माझं तर शेरडूबी ऐकत न्हाई."

जया हसली नाही. गेणबाने जरा वेळ वल्ही थांबवली.

"ये हितं. वल्हं धर. हात हलला की डोकं हलकं व्हतं. शिकीवतो."

"मला येतं," जया म्हणाली.

ते खरं नव्हतं. माझ्या वल्ह्यांना कुणाकुणाचे हात लागले ते मला ठाऊक आहे. गेणबालाही ठाऊक होतं. तो नुसता "बरं" म्हणाला आणि त्याने मला काठाला आणलं.

शुक्रवारी सकाळी तो मला सोडायला आला. दोराची गाठ अर्धी सुटली होती. त्याने छातीवर हात ठेवला, खुंटाला पाठ टेकून खाली बसला, आणि पुन्हा उठला नाही. जया मागून त्याचा डबा घेऊन येत होती.

मला घडवलं ते घाटाखालून आलेल्या एका सुताराने. आमच्या भागातल्या सुतारांना नांगर येत, बैलगाडी येई, होडी येत नसे. त्याने गेणबाच्या अंगणात दीड महिना राहून सागाच्या फळ्या विस्तवावर शेकून वाकवल्या. जाताना तो म्हणाला होता, "हिला पाण्याबाहेर फार ठेवू नकोस. पाण्याबाहेर होडी सुकते, आणि सुकली की रुसते."

मी खूप काम केलं. वरातीतले नवरदेव नेले, बाळंतिणी नेल्या, भाताच्या रोपांच्या जुड्या नेल्या. वारा सुटला की लोक म्हणत, "गेणबाच्या होडीत बसा, दुसरीत नको." तेव्हा माझी छाती जरा फुगत असे, हे कबूल करते.

पण दरवर्षी उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली जाई आणि मी महिनाभर काठावर सुकत पडे. माझ्या फळ्या आक्रसत, सांधींतून ऊन आरपार दिसे. मग गेणबा मला उथळ पाण्यात ढकली, पोटात दगड भरी आणि चक्क बुडवून ठेवी. आठ दिवस. येणारेजाणारे थट्टा करत, "गेणबा, व्हडी बुडाली का रं?"

"बुडाली न्हाई," तो म्हणे. "पानी पितीया. पिऊं द्या तिला."

आठ दिवसांत लाकूड फुगे, सांधी आपोआप मिटत. दगड काढले, पाणी उपसलं, की मी थेंबभर पाणी आत घेत नसे.

जया पुण्याला आत्याकडे राहून शिकली. तिला आई नव्हती. वर्गात पहिली आली तेव्हा गेणबाने माझ्यात बसलेल्या प्रत्येकाला सांगितलं, दोनदा बसलेल्याला दोनदा सांगितलं. खोऱ्यातली पहिली बी.ए. झालेली मुलगी. पण ती सहासष्ट साली पास झाली आणि ते साल वाईट होतं. पाऊस नव्हता, रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी मिळत होती, आणि कचेऱ्यांत नवी माणसं घेणं बंद होतं. तिने एकतीस अर्ज केले. काहींची उत्तरं आली, त्यांत एकच वाक्य असे, जागा रिकामी नाही. शेवटी ती घरी आली, आणि पैलतीरावरच्या शाळेचा मास्तर सोडून गेला होता म्हणून ती जागा तिला तात्पुरती मिळाली.

लहानपणापासून हुशार म्हणून नावाजलेल्या मुलांना एक सवय लागते. त्यांना "मला येत नाही" हे वाक्य म्हणता येत नाही. जयाने ते कधीच म्हटलं नव्हतं, मास्तरांना नाही, आत्याला नाही, बापाला तर नाहीच. बाप तिला वाघीण म्हणायचा. वाघिणीने कसं म्हणायचं?

गेणबा गेल्यावर ती शाळेत गेली नाही. गेणबाचा दोस्त भिवाजी धरणाच्या पार दुसऱ्या टोकाच्या धक्क्यावर दुसरी होडी चालवायचा. त्याने मला काठावर उपडी करून ठेवली. शेजारची साळूबाई माझ्या पाठीवर गोवऱ्या वाळत घालू लागली. माझ्या पोटाखाली एक कोंबडी खुडूक होऊन बसली. मी तक्रार करत नाही. कोंबडी सोबतीला बरी होती. पण फळ्या सुकत गेल्या, पौष, माघ, फाल्गुन.

वैशाखात पैलतीरावरच्या वाडीतली फुलाबाई पाण्याला वळसा घालून चार तास चालत आली. तिची नात त्या शाळेत होती. ती अंगणात बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, जूनमदी शाळा उघडली न्हाई तर मोडायची म्हनत्यात. वरनं कागद आलाय."

"माझे वडील गेले, मावशी."

"व्हय. आमच्यातबी चूल पेटली न्हाई त्या दिशी." तिने तांब्या खाली ठेवला. "पन पोरं इचारत्यात. तुमाला हसायची तीच इचारत्यात."

"होडी नाही आता."

"ती काय उपडी पडलीया," फुलाबाई म्हणाली आणि वळसा घालायला उठली.

दुसऱ्या दिवशी जयाने गोवऱ्या खाली उतरवल्या, कोंबडी हाकलली आणि मला सुलटी केली. सांधींत तिचं बोट जाई इतक्या फटी पडल्या होत्या. तिने पौडच्या बाजारातून सूत आणि डांबर आणलं. चार दिवस ती एकटी ठोकत बसली. एकेका सांधीत सूत कोंबायचं, ठोकायचं, वर डांबर, पुन्हा ठोकायचं. मदतीला कुणाला बोलावलं नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "मला येतं."

तिने मला पाण्यात लोटलं तेव्हा आत एक थेंब आला नाही. किती दिवसांनी तिचा चेहरा उजळला.

मला मात्र पुढचं कळत होतं. पाणी लागल्यावर माझं लाकूड फुगू लागलं, आणि फुगायला जागाच नव्हती. सगळ्या फटी गच्च भरलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तळाजवळची एक फळी खिळ्यांसकट तडकन उखडली. कमरेइतक्या पाण्यात मी बुडाले. जया काठावर उभी राहून बघत होती.

भिवाजी आला. त्याने पाण्यात उतरून माझ्या सांधी चाचपल्या.

"कुनी ठोकलं हे?"

जयाने डांबराने काळी झालेली बोटं पदरात लपवली.

"अगं पोरी, फट दिसली की भरायची नसती. लाकडाला फुगायला जागा ठिवाय लागती. पानी आत येऊं द्यायचं, आठ दिस बुडाली तर बुडू द्यायची. पान्यानंच फट मिटती. तुझ्या बापानं सांगितलं न्हाई व्हय?"

"मी विचारलं नाही," जया म्हणाली.

दोघांनी मिळून सगळं सूत उपटून काढलं, सुताराकडून फळी बसवून घेतली, आणि माझ्या पोटात दगड भरले. आठ दिवस मी पाण्याखाली होते. जया रोज संध्याकाळी येऊन बघून जाई. वाटसरू विचारत, होडी बुडाली काय. ती मान हलवून पुढे जाई.

यंदा परीक्षा पास होऊन घरी बसलेल्या मित्रांनो, हे मी मुख्यतः तुम्हाला सांगते आहे. दिवस बरे नाहीत, हे मला दिसतं. अर्ज परत येतात. जिथे काम मिळतं तिथे पहिल्या आठवड्यात लोक हसतात. कोरडी होडी पाण्यात घातली की पहिल्यांदा गळतेच, त्यात होडीचा दोष नाही. फटी लपवण्यासाठी गच्च ठोकत बसू नका. थोडं पाणी आत येऊ द्या आणि पाण्यातच राहा. आणि ज्याला येतं तो माणूस जवळ आहे तोवर त्याला विचारून घ्या. माझ्यासारख्या जुन्या वस्तू डागडुजी करून चालतात. माणसांचं तसं नाही.

पैलतीरावरची ती शाळा आजही चालू आहे आणि हजेरीवहीत एकोणीस नावं आहेत. पण मला ती जूनमधली पहिली सकाळ सांगून थांबायचं आहे.

दगड काढले होते, पाणी उपसलं होतं, आणि मी आत थेंब घेत नव्हते. जया एकटी बसली. भिवाजी काठावर तंबाखू मळत होता. तिने वल्ही पाण्यात टाकली आणि मी जागच्या जागी गोल फिरले. तिने आणखी जोर लावला. मी आणखी फिरले.

"मास्तरीण," भिवाजी ओरडला, "शाळा तिकडं हाय! हिकडं माझं घर हाय!"

तिसऱ्या फेरीला तिने वल्ही आत घेतली. तळहात लाल झाले होते. तिने समोरच्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं, आणि ते तिला दिसत होतं. तरी ती त्या फळीशीच बोलली. काठावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, सावकाश बोलली.

"आबा, मला येत नाही. कधीच येत नव्हतं. तुम्ही शिकवणार होता, आणि मला शिकायचं होतं."