कोणाच्या तोंडून

डॉक्टरबाईंनी तपासण्यापुरता ड्रायव्हरच्या एका मनगटाचा पट्टा सोडला, मग दुसऱ्याचा. वॉर्डबॉय दोन पावलं मागे सरकला.

"बाई, जपून. दांडगा आहे तो."

दांडगा खाटेवर गुंगीत पडला होता आणि त्याच्या ओठावरची माशीसुद्धा त्याला हाकलता येत नव्हती. दांडगा म्हणजे काळा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. बाईंचा रंगही तोच, म्हणून वॉर्डबॉयने शब्द बदलून घेतला होता.

ड्रायव्हरचा बाप गेला तेव्हा तो बस चालवत होता. डेपोने सुट्टी दिली नाही, त्यामुळे बापाचं तोंड शेवटचं बघायचं राहून गेलं. मग त्याची झोप उडाली आणि एका सकाळी डेपोच्या ऑफिसची काच फोडून त्याने हंबरडा फोडला. इस्पितळाच्या कागदावर मात्र आलं ते 'आक्रमक, धोकादायक'. त्याच सुमारास एका गोऱ्या बँक मॅनेजरने, बायको सोडून गेली म्हणून, शेजाऱ्याच्या गाडीवर खुर्ची फेकली होती. त्यांना खिडकीची खोली मिळाली, मन मोकळं करायला रोज माणूस मिळाला, आणि त्यांच्या मनाला धक्का बसला आहे असं सगळ्यांनी हळू आवाजात ठरवलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. इथे कार्ट्याला बांधूनही ठेवत, इतकंच.

गुरुवारच्या बैठकीत ड्रायव्हरला शहराबाहेरच्या बंद इस्पितळात हलवायचं ठरणार होतं. तिथून माणूस परत आलाच तर पाय घासत येई आणि आपल्याच घराचं दार ओळखत नसे. बाई आठवडाभर मोठ्या डॉक्टरांशी भांडल्या. हे दुःख आहे, वेड नाही. औषध निम्मं करा, आईला जवळ बसू द्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मोठे डॉक्टर तसे वाईट नव्हते, हीच खरी पंचाईत होती. त्यांनी बाईंसाठी चहा मागवला, आपल्या माणसांबद्दल वाटणारच म्हणाले, आणि हल्ली तुम्ही फार चिडता, चार दिवस विश्रांती घ्या, असा प्रेमाचा सल्लाही दिला. चहा बाईंनी तसाच ठेवला.

बुधवारी ड्रायव्हरच्या म्हाताऱ्या आईने त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि बाकावर शेजारी बसवून घेतलं.

"पोरी, रागावणार नसशील तर एक बोलू?"

"बोला ना, मावशी."

"ते नवीन गोरे डॉक्टर आहेत ना, त्यांना बोलायला लाव. तू नको बोलूस."

बाईंना ते चांगलंच झोंबलं. त्या पोराला इथलं काम त्यांनीच शिकवलं होतं. पण म्हातारी हात सोडेना. जन्मभर तिने गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी केली होती. नळ गळतोय असं तिने सांगितलं की तो तिनेच बिघडवलेला असे. तेच गोरा पोस्टमन म्हणाला की संध्याकाळी प्लंबर हजर.

"तू आपली आहेस गं," ती म्हणाली. "म्हणून तर तुझं कोण ऐकणार?"

बाई बाकावरून उठल्या आणि त्या पोराला शोधायला निघाल्या.

तरुण डॉक्टरला कँटीनमध्ये गाठून त्यांनी सगळं समजावलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. हे तर तुमचंच म्हणणं आहे, मी कसं माझं म्हणून सांगू, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पोरगा सरळ होता. बाईंनी त्याच्याकडून वाक्यं पाठ करून घेतली, शाळेतल्या मुलाकडून कविता घ्यावी तशी.

बैठकीत तो अडखळत बोलला. मध्ये एक मुद्दा विसरला, औषधाचं प्रमाणही चुकला. बाई मान खाली घालून बसल्या, चूकसुद्धा सुधारली नाही. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला.

"या बाजूने आपण विचारच केला नव्हता," ते म्हणाले. "खरंच, बाप गेलाय त्याचा."

पट्टे काढायचे ठरले, औषध कमी झालं, आईला परवानगी मिळाली, बंद इस्पितळ रद्द. उठताना मोठे डॉक्टर बाईंजवळ थांबले. "बघा, शांतपणे मांडलं की पटतं माणसाला," ते आपुलकीने म्हणाले. बाई हो म्हणाल्या. त्या क्षणी त्यांना त्या माणसाचा जितका तिटकारा आला तितका आजवर कोणाचाच आला नव्हता, आणि तरीही त्या हसल्या.

आठवडा संपता संपता ड्रायव्हर शुद्धीवर येऊन बोलू लागला. घरी जायच्या दिवशी म्हातारी त्याचे कपडे पिशवीत भरत होती. बाई नाडी बघायला आल्या तेव्हा तो खाटेवर उठून बसला.

"ताई, त्या नवीन डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. बैठकीत ते एकटे माझ्या बाजूने उभे राहिले म्हणे. नर्सबाई सांगत होत्या."

"सांगते."

"तुम्ही होता का तिथं?"

"होते."

म्हातारीचे हात पिशवीवर थांबले. ड्रायव्हर काही वेळ बाईंच्या चेहऱ्याकडे, त्या आपल्याच रंगाच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"काहीच बोलला नाहीत?"

म्हातारीने तोंड उघडलं. बाईंनी मानेनेच तिला नको म्हटलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"असू दे, ताई," तो समजुतीने म्हणाला. "तुम्हालाही नोकरी सांभाळायची असते."