कुंकवाआडचा आकडा

मी काच बोलतेय. खिडकीची नव्हे, आरशाची तर मुळीच नव्हे, विमानातली! हसलात ना? केदारखेड्यातही सगळे असेच हसले होते.

जुन्या जालन्यात धर्मराजचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. तिथून माझ्या बहिणी कुणी देवाच्या तसबिरीवर, कुणी लग्नाच्या फोटोवर गेल्या. मी उरलेला तुकडा म्हणून कोपऱ्यात पडून होते. एक दिवस भागवतराव आले. “सगळ्यात पातळ असंल ती काच दे,” म्हणाले. “जाड काचंत आकडे दोन-दोन दिसून राह्यले.” पातळ म्हणून मला कुणी हात लावत नव्हतं, त्या दिवशी मात्र माझी कॉलर ताठ झाली.

भागवतराव पूर्वी विमान चालवायला शिकवायचे. आता गावी, केदारखेड्यात शेती, कडेला मुरमाची धावपट्टी आणि पत्र्याच्या शेडमध्ये दोन माणसांचं छोटं विमान, रीतसर परवान्याचं. पण पन्नाशी उलटली नि जवळचं दिसेनासं झालं. चष्मा लावला की वेगाचा काटा दिसायचा, पण धावपट्टी धूसर. काढला की उलटं. मागं एकदा काटा बघायला मान खाली घातली आणि चाकं कपाशीत टेकली. निभावलं कसंबसं. त्यांची बायको साधनाताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. “काटा दिसत न्हाई तर विमान विकून टाका,” म्हणाल्या. “कपाशीचं काय घेऊन बसलात, माणूस गेला असता!”

विमान विकायचं म्हणजे या माणसाचा जीवच काढायचा. मग शेडमध्ये खटपट सुरू झाली. खाली वेगाचा आकडा दाखवणारा मोबाईलचा पडदा, त्यावर भिंग आणि भिंगाच्या वर तिरपी मी. आकडा माझ्यात उमटायचा, पण बघणाऱ्याला वाटायचं की तो दूर, क्षितिजावर उभा आहे. आणि दूरचं तर भागवतरावांना झकास दिसतं! पहिल्यांदा आकडे उलटे आले. “पप्पा, आरशात बघून राह्यले तुम्ही,” लेक आकांक्षा हसली आणि तिनं पडद्यावरच ते फिरवून दिले. चष्म्याविना चाचणीचं नव्वद वाचलं तेव्हा भागवतराव केवढ्यानं ओरडले! मलाही भरून आलं.

उड्डाणाच्या सकाळी त्यांची माय चतुराबाई ताट घेऊन आल्या. नव्या वस्तूला हळदकुंकू नको? नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि मायनं बोटभर कुंकू थेट माझ्यावर लावलं. नेमकं आकडा उमटतो तिथंच! आकांक्षानं फडकं उचललं.

“हात लावू नको!” माय कडाडल्या. “बाप वर जाऊन राह्यला आन् तू कुंकू पुसती?”

साधनाताईंचाही पुढं आलेला हात मागं गेला. कुंकू पुसणं म्हणजे काय, हे कुठल्या बाईला सांगावं लागतं? “राहू दे, एका ठिपक्यानं काय होतंय,” भागवतराव म्हणाले. एवढा शिकलेला माणूस, पण मायपुढं गप्प.

साधनाताई जुन्या काट्यावर लक्ष ठेवायला शेजारी बसल्या. वर मोकळ्या आभाळात मान जरा तिरकी केली की आकडा कुंकवाआडून दिसायचा. उतरताना मात्र मान सरळ हवी, आणि सरळ मानेला नुसतं कुंकू! आकडा शोधायला भागवतराव कलले, तसा हात कलला, विमानही कललं.

“आकडा दिसंना!”

“अहो, सत्तर! वेग लई कमी झाला!” साधनाताई काट्याकडं बघून किंचाळल्या.

भागवतरावांनी इंजिनाला जोर दिला, तेव्हा कुठं विमान वर चढलं. मी चौकटीत थरथरत होते. माझ्यापायी दोन माणसं जाणार, एवढंच डोक्यात.

वर वळसा घेताना साधनाताईंनी पदराचं टोक ओलं केलं आणि मला खसाखसा पुसलं.

“कुंकू माझ्या कपाळावर हाय,” त्या म्हणाल्या. “ते राहावं म्हणूनच पुसून राह्यले.”

नव्वद. उतरायला हवा तेवढाच, लख्ख नव्वद. चाकं बराबर मुरमावर टेकली.

माय धावत आल्या. आधी लेकाला चाचपलं, मग माझ्याकडं पाहिलं. “कुंकू कुठं गेलं?”

“मी पुसलं, आत्याबाई. आकडा झाकला होता. पडलोच असतो आम्ही.”

माय तिथंच मुरमावर बसल्या. “माझ्याच बोटानं घात केल्ता म्हणा की,” म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. साधनाताई त्यांच्याशेजारी बसल्या.

विमान विकलं नाही. माझ्या कोपऱ्याला आता एक चरा गेलाय, ऊन सोसून चौकटही भुरकट झालीय. चालायचंच. कुंकू आता शेपटीला लागतं. तुम्हीही लावा बाबांनो, खुशाल लावा. फक्त बघायची जागा तेवढी मोकळी ठेवा.

आणि उड्डाणाआधी मला पुसायचा मान कुणाचा, सांगू? चतुराबाईंचा. आकांक्षालासुद्धा त्या हात लावू देत नाहीत. स्वतःच्या पदरानं कोपरान् कोपरा पुसतात आणि हळूच म्हणतात, “नीट दिसू दे गं बाई माझ्या लेकराला.”