डाव्या खिशातला रुमाल

“विनी, डॅनीचा कोट धुवायला टाकते गं. उजव्या खिशातला रुमाल काढून ठेवलाय,” कपडेपटातली पर्ल म्हणाली.

“उजव्या?” मी गर्रकन वळले. “डाव्या म्हण, बाई!”

“डोळे फुटलेत का माझे? उजव्या. जेवणानंतर घामेजलेला बदलून कोरडा कोट दिला, तेव्हा मीच ठेवला होता.”

मी वही उघडली. सकाळची नोंद माझ्याच अक्षरात होती: लाल रुमाल, डावा खिसा, दोन बोटं बाहेर. दुपारची जागा कोरी.

हॉलिवूडच्या एका स्टुडिओत एकोणीस वर्षं मी हेच काम करत होते. एकच दृश्य दोन तुकड्यांत घेतात. पहिल्या तुकड्यात जे जिथे होतं ते दुसऱ्यातही तिथेच आहे ना, एवढं मी बघायचं. ग्लासातलं पाणी, शर्टाचं बटण, सिगारेटची राख. नट काय करतोय ते बघायला सगळं जग आहे, त्यासाठी मला कुणी ठेवलेलं नाही. आणि त्या दुपारी मी नेमकी नटाकडे बघत बसले होते.

दृश्याचा दुपारचा तुकडा असा: डॅनी कार्मोडी केकच्या नऊ खोक्यांची चळत घेऊन जिन्यावरून नाचत उतरतो. सातव्या पायरीवर वरचं खोकं घसरतं. तो ते हनुवटीने अडवतो, खोक्याची अगदी मनापासून माफी मागतो आणि मग उरलेल्या पायऱ्या बसल्या-बसल्या आपटत खाली येतो. खोकी शाबूत! मी तोंडावर वही धरून हसले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. त्या पाण्यातून रुमाल दिसणार कसला, कपाळ!

चित्रीकरणाचा शेवटचा दिवस होता. साडेपाच झाले होते आणि सहाला सुतार जिना मोडायला येणार होते. दिग्दर्शक प्रेंटिसला सांगितलं असतं तर त्याने तो तुकडा पुन्हा घेतला असता आणि मला घरी पाठवलं असतं. मी आधी डॅनीच्या खोलीत गेले.

त्याचा उजवा पाय बर्फाच्या बादलीत होता. घोटा सुजून जांभळा झालेला.

“मिस्टर कार्मोडी, माझ्या हातून मोठा घोळ झालाय,” म्हणत मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

सेहेचाळीस वर्षांचा माणूस. मागचे दोन चित्रपट आपटलेले. हाही आपटला तर स्टुडिओ त्याला नारळ देणार, हे फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक होतं.

“प्रेंटिसला सांगितलंस?”

“अजून नाही.”

“मग नको सांगूस. विनी, मला आता त्या जिन्यावरून धड चालत उतरता येणार नाही. नाचत कुठला उतरतोय! पण त्याला कळलं तर तो उतरवणारच.”

“अहो, पण पडद्यावर दिसेल ना!”

“तुला का नाही दिसलं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “हसत होते.”

“कुठे?” त्याने एकदम मान वर केली.

“सातव्या पायरीला. तुम्ही खोक्याची माफी मागता तिथे.”

“आणि खिसा कधी दिसतो?”

“लगेच पुढे.”

“मग लोक हसले तर आपण वाचलो,” तो म्हणाला. “नाही हसले तर बिचाऱ्यांनी बघायचं काय? रुमालच बघतील.”

मी कोऱ्या जागेत लिहिलं: डावा खिसा. एकोणीस वर्षांतली माझी पहिली खोटी नोंद. हे उघडकीला आलं असतं तर या गावात मला कुणी दारातही उभं केलं नसतं. प्रेंटिसने नंतर जोडलेले तुकडे पाहिले, पण तो आपल्याच कौतुकात होता.

तीन महिन्यांनी पोमोना नावाच्या जवळच्या गावातल्या एका थिएटरात चित्रपट चाचणीला लागला. अशा वेळी लोकांना आधी सांगत नाहीत. ठरलेला खेळ संपला की नवा दाखवतात, आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात कार्ड आणि पेन्सिल देतात: काय आवडलं, काय खटकलं ते लिहा. डॅनी टोपी डोळ्यांवर ओढून शेवटच्या रांगेत बसला होता. त्याच्या शेजारी मी.

पहिली वीस मिनिटं कुणी हूं की चूं केलं नाही. पुढचा माणूस बायकोला म्हणाला, “आणखी किती वेळ चालणार गं हे?” डॅनीने माझं मनगट घट्ट धरलं.

मग जिना आला. काय वाटेल ते होवो, खिशावरून नजर हलवायची नाही, असं मी ठरवलं. दुसऱ्या पायरीला पुढच्या माणसाचं शेंगदाणे चघळणं थांबलं. चौथीला एक बाई खुदकन हसली. मग खोकं घसरलं, डॅनीने त्याची माफी मागितली, आणि जो हशा उठला म्हणता! पुढचा माणूस बायकोच्या खांद्यावर कपाळ आपटत होता. मी डोळे पुसून पाहिलं तर पडद्यावर भलतंच दृश्य चालू होतं.

“दिसला?” डॅनीने कानाशी विचारलं.

“नाही हो! मलाच नाही दिसला!” म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

बाहेर प्रेंटिस उभ्या-उभ्या कार्डं वाचत होता. मी त्याच्या पाठीमागून एक-एक कार्ड पाहिलं. जिना, जिना, जिना. रुमालाचं एकावरही नाही.

डॅनीचा घोटा अजून पुरता बरा झाला नव्हता. माझ्या खांद्यावर भार टाकून तो दारापर्यंत आला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “अरे, हा बघा इथेच आहे!” आणि माणसं जमली. त्याने माझा खांदा सोडला, टोपी काढली आणि थिएटरच्या पाच पायऱ्या तालात, अलगद उतरला. शेवटच्या पायरीवर उगीच एक गिरकीही घेतली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हसत, मान तुकवत तो गाडीत बसला आणि मग दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून आत घेतला. लोक अजून टाळ्याच वाजवत होते.